उस्पाचं दोन डोक्यांचं पिल्लू

सेबेरिनाला रिकाम्या हातांनी बसलेलं चिल्काकोचा गावात कुणी पाहिलं नव्हतं. चालताना तिच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असायची, आणि कुरणावर टेकली की कमरेला विणकामाचा माग बांधला जायचा. गावात कुणाला वेणा सुरू झाल्या की सेबेरिनाला बोलावणं जायचं. लोकरीसाठी पाळलेल्या कळपात एखादी लांब मानेची अल्पाका बाजूला उभी राहून मान वेळावायला लागली, तरी सेबेरिनालाच हाक जायची. दोन्हीकडे ती सारख्याच घाईने निघायची आणि आलेल्या जिवाला पुसताना सारखंच बोलायची, "आलास का आळशा? मग श्वास घे की आता. तोही मीच घेऊ का?"

अल्पाका आपल्या पिलाला चाटत नाही. मेंढी चाटते, कुत्री चाटते. अल्पाका मात्र पिलाच्या नाकाशी नाक नेऊन नुसती गुणगुणते. एवढ्या उंचावरच्या वाऱ्यात ओलं पिल्लू कोरडं करायचं ते माणसानेच. सेबेरिनाच्या कळपात पिल्लं कमी दगावायची. लोक म्हणायचे, तिच्यावर डोंगराची मर्जी आहे. नवरा तिबुर्सियो म्हणायचा, "मर्जी कसली. माझे जुने सदरे आहेत सगळे. एकही अंगावर फाटला नाही, सगळे पिलांनी फाडले."

तिला स्वतःची मुलं झाली बरीच, राहिली एक नेलिदा. ती खाली सिकुआनी शहरात लग्न करून गेली. नवरा विल्बेर तीनचाकी चालवायचा, मनाने चांगला, तोंडाने बडबड्या. नेलिदाचं पहिलं मूल जगलं नाही. त्यात चूक कुणाचीच नव्हती. मूल पोटातच थांबलं होतं. सेबेरिना तेव्हा खाली पोचली ती सगळं आटोपल्यावर. नेलिदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी वर येईन. तुझ्या हातांत होऊ दे."

ती पुढची वेळ आता आली होती. रविवारच्या बाजाराचा ट्रक परत वर येतो, त्याच्या पुढच्या सीटवर बसून नेलिदा यायची होती. सेबेरिनाने घराच्या उबदार कोपऱ्यात मेंढीची कातडी अंथरून ठेवली, सुकं मटण टांगलं, आणि बाळाचा पट्टा विणायला घेतला. तळहाताएवढा रुंद आणि चांगला लांब, लाल आणि हिरवा, मध्ये डोळ्यांची नक्षी. बाळाला त्यात खांद्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळलं की पाठ सरळ धरते आणि जीव अंगात बसतो, इकडेतिकडे भटकत नाही. नव्या पट्ट्यात पहिलं गुंडाळायचं ते बाळच. त्याआधी त्यात बाहुलीसुद्धा गुंडाळत नाहीत. लहानपणी नेलिदाने एकदा बटाटा गुंडाळून पाहिला, तर सेबेरिनाने तो अख्खा पट्टा चुलीत घातला होता.

फेब्रुवारीतली सकाळ होती. पट्टा पुरा झाला होता, फक्त टोकाच्या दोऱ्या वळायच्या राहिल्या होत्या, म्हणून तो तिने कमरेला खोचला होता. त्या सकाळी दोन अल्पाका पाठोपाठ व्याल्या. एका पिलाला सेबेरिनाची शाल गेली, दुसऱ्याला वरचा घागरा. मग उस्पा उभी राहिली. उस्पा म्हणजे राख. रंगही तसा आणि स्वभावही तसा, वरून थंड आणि आत धग. तिला त्रास होतोय हे सेबेरिनाला लांबूनच दिसलं. ती जवळ गेली. एक नाक बाहेर आलं होतं. तिने बोट घालून चाचपलं, तर आत दुसरं नाक.

"जुळं आहे का गं तुझं?" ती म्हणाली. "मग भांडू नका, एकेक या."

ते एकेक येईना. बराच वेळ गेला. डोंगरावरून ढग उतरला आणि गारा सुरू झाल्या. सेबेरिनाने गुडघे रोवले, हाताला लागलं ते धरलं आणि उस्पाच्या कळेबरोबर ओढलं. पिल्लू तिच्या मांडीवर आलं. पाय चार, पोट एक, मान खाली एक आणि वर दोन. दोन डोकी, चार डोळे, आणि दोन्ही तोंडं श्वासासाठी उघडलेली.

सेबेरिना नंतर स्वतःला विचारायची, की त्या क्षणी मी काय विचार केला? तिने विचार केलाच नाही. गारा पडत होत्या, पिल्लू ओलं होतं, शाल गेलेली, घागरा गेलेला. दोन्ही डोकी दोन बाजूंना लुळी पडत होती आणि मान ताणली जात होती. इतकी वर्षं बाळं बांधलेले तिचे हात. त्यांनी कमरेला खोचलेला पट्टा उलगडला, दोन्ही डोकी जवळ आणली आणि खांद्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळलं. शेवटचं टोक आत खोचलं, आणि मग तिने पाहिलं की आपण काय केलं.

तिबुर्सियो गारांतून धावत आला. आधी त्याला डोकी दिसली. "हे बघ," तो धापा टाकत म्हणाला, "टोप्या दोन विणाव्या लागणार." मग त्याला पट्टा दिसला. त्याने हॅट काढली आणि गारा डोक्यावर घेत तसाच उभा राहिला.

"सेबे, हा नेलिदाचा ना?"

"हो."

"दुसरं काही नव्हतं?"

"तुझा सदरा होता. तो तुझ्या अंगात होता."

तिबुर्सियोने सदरा काढून दिला, पण पट्टा सोडून सदरा बांधण्यात आता अर्थ नव्हता.

असं जनावर डोंगर पाठवतो, हे चिल्काकोचात सगळ्यांना ठाऊक आहे. का पाठवतो ते कुणी विचारत नाही. त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याला बाजारात न्यायचं नाही. आणि पोटुशी बाईने ते पाहायचं नाही, त्याला लागलेल्या कपड्याला शिवायचं नाही, तिच्या कानावरसुद्धा ते पडू द्यायचं नाही. कारण पोटातलं मूल आईच्या कानांनी ऐकतं, आणि ऐकलं ते बनतं. हे नियम गावातल्या पोरींना सांगायचं काम सुइणीचं. म्हणजे सेबेरिनाचंच.

शेजारच्या कुरणावरून इलारिया आली. ती नेलिदाची बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या आणि त्या नात्याने एकमेकींना वाटेल ते ऐकवायच्या.

"कोमाद्रे, तुझं नेहमीचंच," इलारिया दारातूनच म्हणाली. "मेलेल्या कोल्ह्यालासुद्धा पुसत बसशील तू. बघून तर घ्यायचं आधी, काय गुंडाळतेय ते."

"गारा पडत होत्या."

"माझ्याकडेपण पडत होत्या. मी नाही गुंडाळलं कुणाला." मग ती आत येऊन पिलाजवळ बसली. एक डोकं झोपलं होतं. दुसऱ्याने तिच्याकडे पाहून ओठ हलवले. इलारिया आणखी जवळ सरकली. "डोळे चांगले आहेत गं," ती शेवटी म्हणाली. "पापण्या बघ. नटवी आहेत दोघं."

तिबुर्सियोने तातो मेल्चोरना आणलं. गावातले सगळ्यात म्हातारे तेच, म्हणून सगळ्यांचे तातो, म्हणजे आजोबा, आणि कोकाची पानं टाकून कौल वाचणारे आता तेवढेच उरलेले. त्यांनी फडक्यावर पानं टाकली, चाळली, पुन्हा टाकली.

"आपल्या पायांनी आलंय," ते म्हणाले. "आपल्या पायांनी जाईल. त्याला ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही."

"ओढायचं नाही म्हणजे काय तातो?" सेबेरिनाने विचारलं, जरी तिला समजलं होतं.

"म्हणजे दूध पाजायचं नाही, पोरी. आईचं पिता आलं तर पिऊ दे. नाही आलं तर नाही. तू मध्ये पडू नकोस."

"आणि माझी नेलिदा?"

म्हाताऱ्याने पानं गोळा करून पिशवीत भरली. "हे इथे आहे तोवर ती इथे नको. आणि तुझे हात त्याला लागत असतील, तोवर तूही तिच्याजवळ नको. हे मी सांगायला हवं का तुला? माझ्या सुनेला तूच सांगितलं होतंस."

ते खरं होतं.

पिलाला उभंच राहता येईना. डोक्यांचा भार मानेला पेलत नव्हता. पुढचे पाय ताठ केले की तोंडावर पडायचं. उस्पा जवळ यायची, आधी या नाकाशी गुणगुणायची, मग त्या नाकाशी, मग पुन्हा पहिल्याशी, जणू कुणाला आधी हाक मारली हे विसरली. आणि उभी राहून वाट पाहायची. पिल्लू गवतात पडून दोन्ही तोंडांनी हवा चोखायचं. हे बघत सेबेरिना दारात उभी राहिली. हात पाठीमागे बांधले, मग पुढे घेतले, मग चाती घेतली. सूत तुटलं. तिने चाती खाली ठेवली, उस्पाला धरलं आणि भांड्यात दूध काढलं.

बाटलीने पाजायचं तर त्याचीही रीत शोधावी लागली. एक तोंड पीत असलं की दुसरं रडायचं. पोट एकच होतं, ते भरत होतं, पण दुसऱ्या तोंडाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून सेबेरिना दुसऱ्या तोंडात आपलं बोट द्यायची. ते तोंड बोट चोखत समाधानाने डोळे मिटायचं, आणि तिला वाटायचं, फसवतेय मी याला.

टेकडीवरच्या मोठ्या दगडापाशी तेवढी फोनला रेंज यायची. सेबेरिना चढून गेली.

"ममा, रविवारी निघते मी," नेलिदा म्हणाली. "विल्बेरने पुढची सीट सांगून ठेवलीय. ड्रायव्हरला म्हणाला, दोन माणसं बसतील आणि एकीच्याच भाड्यात."

"रस्ता खचलाय गं."

"खचलाय? ट्रक तर आलाय की खाली."

"चिखल आहे फार. या पोटाने हिसके खायचे का? थोडं थांब."

"थोडं म्हणजे किती?"

सेबेरिना खोटं बोलण्यात कच्ची होती. "बघू," ती म्हणाली.

"बरं," नेलिदा म्हणाली. एवढंच. ती लहानपणी रुसली की असंच बरं म्हणायची.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी पाऊस होता, मग तिबुर्सियोचं गुडघादुखीचं निमित्त होतं. नेलिदाने सगळं ऐकून घेतलं.

"ममा, खरं सांग. मागच्या वेळेसारखं होईल असं वाटतंय ना तुला? तुझ्या घरात नको म्हणून सांगतेस."

सेबेरिनाने दगडाला हात टेकला. खरं सांगायचं तर त्या पिलाचं नाव काढावं लागलं असतं. "असं बोलू नये गं बाई," एवढंच तिला सुचलं.

"मग कसं बोलू?" नेलिदा म्हणाली, आणि फोन बंद झाला. रेंज गेली की तिनेच ठेवला, हे सेबेरिनाला कळलं नाही.

ती खाली आली तेव्हा तिबुर्सियो पिलाशेजारी बसला होता. त्याने बायकोचं तोंड पाहिलं.

"सेबे, आता पुरे. तातो म्हणाले तेच खरं. आजपासून तू पाजू नकोस, मीही नाही पाजणार. आपल्या वाटेने जाऊ दे बिचाऱ्याला. पोरगी येऊ दे."

"हो," सेबेरिना म्हणाली. तिला ते मनापासून पटलं. ती कळप घेऊन खालच्या ओलसर गवताकडे गेली. सूर्य कलला तसं तिला राहवेना. कुंपणाच्या मागून वळसा घालून ती आली, बाटली शालीआड घेतली, पिलाला पाजलं आणि गुपचूप परत गेली. संध्याकाळी पिल्लू पोट फुगून कण्हत पडलं होतं. तिने तिबुर्सियोकडे पाहिलं. तिबुर्सियो छताकडे बघत होता.

"कुठल्या तोंडाला पाजलंस?" तिने विचारलं.

"डाव्या," तो म्हणाला. "तू?"

"उजव्या."

दोघं बसून पिलाचं पोट चोळत राहिली. त्यानंतर न पाजण्याची गोष्ट त्या घरात निघाली नाही.

ट्रकचा ड्रायव्हर एद्गार हे पाहायला आला. जत्रेत तंबू ठोकू, लोक रांग लावतील, म्हणाला. सेबेरिनाने त्याला सूप वाढलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्याने सूप प्यायलं, आणि जाताना पाय अडखळल्यासारखं करून पिलाचा फोटो काढला. तो फोटो त्याच्याआधी सिकुआनीला पोचला.

या वेळी सेबेरिना दगडापाशी असतानाच नेलिदाचा फोन आला.

"ममा, मी पाहिलं."

सेबेरिना दगडावर बसली. "कशाला पाहिलंस गं?"

"सगळ्यांनी पाहिलं. भाजीवालीनेच दाखवलं. मागे आपली चूल दिसली, आणि तुझा हात." नेलिदा एका दमात बोलत गेली. "याच्यासाठी येऊ नको म्हणत होतीस? आणि मी काय काय समजून बसले. तोंडाने सांगायचं नाही का?"

"सांगायचं नसतं. तुला माहितीय."

"आता पाहिलंय ना. मग येऊ का?"

सेबेरिनाला हो म्हणायचं होतं. हो ओठांवर होतं. पण नेलिदाने आतापर्यंत फोटोच पाहिला होता. फोटोला वास नसतो, धग नसते, कदाचित फोटो धरत नसतील. हे कुणाला विचारायचं? तातो मेल्चोरांच्या पानांना फोटो माहीत नव्हते. नियम सांगणारी तीच, आणि तिलाच नियम सापडत नव्हता.

"विल्बेरची आई काय म्हणते?" तिने विचारलं.

"ती तर म्हणते, तुझ्या आईला इकडेही येऊ देऊ नको. वीस वर्षं झाली तिला शहरात येऊन, पण भीती तीच." मग नेलिदाने विचारलं, "ममा, ते दूध पितं का?"

"पितं."

"दोन्ही तोंडांनी?"

"एकाने पितं. दुसऱ्याला बोट देते मी."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला, मग हुंदक्यासारखा. "तू देशीलच," नेलिदा म्हणाली. "तुझ्याच्याने राहवणार नाही."

तिने येते म्हटलं नाही, आणि सेबेरिनाने ये म्हटलं नाही.

मग एका मधल्याच वारी, ट्रक नसलेल्या दिवशी, तिबुर्सियो टेकडीवरून हाका मारत आला. विल्बेरचा फोन होता. वेणा सुरू झाल्या, दवाखान्यात नेतोय, ममाला सांगा. सेबेरिना शाल घेऊन निघाली आणि दारात थांबली. चालत गेलं तर पोचेपर्यंत सगळं होऊन जाईल. आणि पोचून तरी काय? या हातांनी दाराची कडीसुद्धा धरायची नव्हती. पिल्लू कोपऱ्यातून दोन आवाजांत बोलावत होतं. ढग उतरत होते, त्याला बाहेर ठेवता येत नव्हतं, आणि एकटं ठेवलं की ते उठायला जाऊन नाकावर पडायचं. तिने त्याला पाठीवर बांधलं, मूल बांधतात तसं, आणि टेकडी चढली.

दुपारभर ती दगडापाशी बसली. तिबुर्सियो येऊन उकडलेले बटाटे ठेवून गेला. इलारिया आली, शेजारी बसली, तिने कोकाची पानं दिली. सेबेरिनाचे हात स्वस्थ नव्हते. ती रिकाम्या हवेत बोटं हलवत होती. मूल वळवायचं असलं की पोटावर जशी हलवते तशी, हळू, खालून वर. इलारियाने ते पाहिलं आणि तोंड वळवलं.

फोन वाजला. विल्बेर एवढा मोठ्याने बोलत होता की शब्द फुटत होते. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. विल्बेरसारख्या बडबड्या माणसाने बाकी काहीच सांगितलं नाही, आणि सेबेरिनाला जे विचारायचं होतं ते विचारायचं नसतं.

"आवाज कसा आहे तिचा?" ती म्हणाली.

"थांबा, ऐकवतो."

खरखर झाली. मग रडणं आलं. पाठीवरचं पिल्लू गुणगुणत होतं, ते ऐकू येऊ नये म्हणून सेबेरिनाने दुसरा कान हाताने दाबला, श्वास रोखला, आणि ती ऐकत राहिली. रडणं मध्येच थांबलं, श्वास घेतला गेला, पुन्हा सुरू झालं. थांबलं तेव्हा पूर्ण शांत होतं. त्या शांततेत दुसरं कुणी रडत नव्हतं. एकच गळा होता, चिडका, खणखणीत.

"आळशी नाही बाई," सेबेरिना म्हणाली. इलारियाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग नेलिदा बोलली, दमलेली, लांबून बोलल्यासारखी. "ममा, ऐकलंस?"

"ऐकलं."

"नाक तुझं आहे. कधी येशील?"

पाठीवर पिलाचं एक डोकं खांद्यावरून पुढे आलं होतं आणि तिच्या वेणीचं टोक चोखत होतं. दुसरं मानेला टेकून झोपलं होतं. त्याचा उबदार श्वास कानामागे लागत होता. केव्हा येते हे सांगणं म्हणजे हे श्वास केव्हा थांबणार ते सांगणं होतं. आणि ते थांबू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ बाटली भरणारी तीच होती.

"ममा? आहेस ना?"

"आहे," सेबेरिना म्हणाली. "इथेच आहे. तू तिला आधी डाव्या बाजूला घे. आणि पाजताना डोक्याखाली हात ठेव, मान कच्ची असते."

पलीकडून काही ऐकू आलं नाही. रेंज गेली होती. तिने फोन थोडा वेळ कानाला तसाच धरला, मग इलारियाकडे दिला आणि उठली. उस्पा खाली कुंपणाशी उभी राहून वर बघत होती. दूध काढायची वेळ झाली होती.